एकच रस्सा, दोन शरीरं: झाडीपट्टीतून चरबीचा इतिहास

आजच्या भागाची सुरुवात जेवणापासून करते आहे. उपाशीपोटी ऐकत असाल तर आधी दोन घास खाऊन घ्या, मग या.

समजा, चंद्रपुरातलं एक घर. रविवारची दुपार. पंचविशीतले भाऊ-बहीण जेवायला बसलेत. सावजी मटण, वर लाल तर्रीचा थर, सोबत भात. दोघांच्या ताटात अगदी मोजून सारखं वाढलंय. आता तीन-चार तासांनी दोघांचं थोडं थोडं रक्त काढलं आणि नळीत ठेवून लाल पेशी खाली बसू दिल्या. वर जो पातळ भाग उरतो तो एरवी फिकट पिवळा, आरपार दिसणारा असतो. तेलकट जेवणानंतर तो गढूळ होतो, कधी कधी तर पातळ दुधासारखा. त्यातली चरबी मोजली, तर बहुतेक वेळा भावाच्या नळीत ती जास्त निघते.

जेवण तेच, तेल तेच. मग बहिणीच्या ताटातली चरबी गेली कुठे?

या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला जगाला बराच वेळ लागला. ते का लागलं, हे समजून घेताना आपण अमेरिका, फ्रान्स असं फिरून गडचिरोलीतल्या दोन गावांत येणार आहोत. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. आज मी 'बाईचं शरीर', 'पुरुषाचं शरीर' असं म्हणेन तेव्हा ती सरासरीची गोष्ट आहे. प्रत्येक माणूस वेगळा असतोच. एखाद्या घरात हे उलटंही निघेल.

झाडीतलं तेल

आधी आपल्या भागातलं तेल बघू. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा झाला, पण झाडीपट्टीचं स्वयंपाकघर काही त्या दिवशी वेगळं झालं नाही. दोन्हीकडे धान, दोन्हीकडे जंगल, दोन्हीकडे मोह.

मोह म्हटलं की सगळ्यांना फुलं आठवतात आणि फुलांची दारू आठवते. पण फुलं गळून गेली की पुढे फळं येतात आणि फळात बी असते. तिला आपल्याकडे टोळी म्हणतात, कुणी टोरी म्हणतं. उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर ती वेचायची, वाळवायची, फोडायची, आतला गर दाबून तेल काढायचं. थंडीत हे तेल तुपासारखं थिजतं. गोंड, माडिया घरांत हेच तेल भाजीला, हेच दिव्याला, हेच अंगाला. वेचण्यापासून फोडण्यापर्यंतचं बरंचसं काम बायकांचं.

दुसरं तेल जवसाचं. धान कापायच्या आधीच उभ्या पिकातल्या ओलीवर लाखोळी नाहीतर जवस फेकायचा, याला उतेरा म्हणतात. त्या जवसाची चटणी व्हायची, तेल व्हायचं. आता किराणा दुकानात सोयाबीन आणि पामतेलाची पाऊचं लटकतात, आणि टोळीचं तेल बऱ्याच घरांत आजीबरोबर मागे पडलं. पण ही दोन नावं लक्षात ठेवा. जवस थोड्या वेळाने परत येणार आहे.

दुधाळ रक्ताचं कोडं

जेवल्यावर रक्त दुधाळ होतं, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत होतं. पण त्यात नेमकं काय तरंगतंय? १९२० च्या सुमारास अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात सायमन गेज नावाचे प्राध्यापक खास प्रकाशयोजनेच्या सूक्ष्मदर्शकाखाली जेवणानंतरचं रक्त बघत होते. त्यांना काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारे, थरथरणारे बारीक कण दिसले. चरबी खाल्ली की कण वाढत, काही तासांनी कमी होत. त्यांनी त्यांना नाव दिलं कायलोमायक्रॉन. सोपं करून सांगायचं तर, आतड्यातून निघालेल्या चरबीच्या, म्हणजे ट्रायग्लिसराइडच्या, या छोट्या छोट्या पिशव्या.

मग पुढचा प्रश्न: या पिशव्या रक्तातून जातात कशा? १९४३ साली पॉल हान या संशोधकाला योगायोगाने एक गोष्ट दिसली. चरबीने दुधाळ झालेल्या कुत्र्याच्या रक्तात हेपॅरिन टोचलं की ते रक्त बघता बघता स्वच्छ होतं. काहीतरी तिथे चरबी साफ करत होतं. १९५५ मध्ये एडवर्ड कॉर्न यांनी ते 'काहीतरी' ओळखलं. ते एक एन्झाइम होतं, लायपोप्रोटीन लायपेज. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला हे चिकटून बसलेलं असतं. चरबीची पिशवी जवळून गेली की हे ती फोडतं आणि आतली चरबी शेजारच्या पेशींना देतं. शेजारी स्नायू असेल तर तो ती जाळतो, चरबीची पेशी असेल तर ती साठवते.

आता भाऊ-बहिणीकडे परत या. फरक इथेच आहे. हे एन्झाइम शरीरात कुठे किती काम करतं, ते दोघांत सारखं नसतं. मासिक पाळी सुरू असलेल्या वयातल्या बाईच्या शरीरात मांड्या, नितंब आणि एकूणच कातडीखालची चरबी जेवणातला माल पटकन उचलते. रक्त लवकर साफ होतं. पुरुषाच्या शरीरात चरबी रक्तात जास्त वेळ फिरते, आणि साठवायची वेळ आली की तिचा जास्त वाटा पोटाच्या आत, आतड्यांच्या आजूबाजूला जातो. ही आतली चरबी यकृताच्या अगदी शेजारी बसते. तिच्यातून सुटलेला माल थेट यकृतात जातो आणि तिथे भानगड सुरू होते.

म्हणजे बहिणीच्या ताटातली चरबी हवेत विरली नाही. ती मांडीत गेली. आणि तिथे ती बऱ्यापैकी निरुपद्रवी असते.

मार्सेलचा डॉक्टर

हे कोडं उलट्या टोकाने सोडवायला सुरुवात केली होती ती फ्रान्समधल्या मार्सेल शहरातल्या झाँ वाग या डॉक्टरांनी. १९४७ साली त्यांनी लिहिलं की लठ्ठपणा दोन प्रकारचा असतो. एक पुरुषी, पोटा-छातीवरचा. दुसरा बायकी, कमरेखालचा. आणि मधुमेह, रक्तवाहिन्या कडक होणं, गाऊट हे आजार पहिल्या प्रकाराच्या मागे लागतात. किती चरबी आहे यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं, असं त्यांचं म्हणणं. त्या काळात फारसं कुणी मनावर घेतलं नाही. जगाने ते गंभीरपणे घ्यायला १९८० चं दशक उजाडलं.

पण बाईच्या शरीराने अशी सोय का करून ठेवली असावी? सगळ्यात पटणारं उत्तर बाळाशी जोडलेलं आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला रोज साधारण ५०० ते ६०० किलोकॅलरी जास्त लागतात. दुष्काळ असो, पाऊस लांबो, रोवणीचे दिवस असोत, बाळाला दूध हवंच. म्हणून बाईचं शरीर सुगीत चरबी बाजूला टाकतं. गंमत म्हणजे मांडीवरची ही चरबी एरवी हलायला तयार नसते, पण अंगावर पाजायच्या काळात ती सुटू लागते. घरातल्या कणगीसारखं आहे हे. रोजच्या जेवणाला तिच्यात हात घालायचा नाही. अडचणीच्या दिवसांसाठी ती राखून ठेवलेली असते.

आणि इथे आपला जवस परत येतो. जवसात अल्फा-लिनोलेनिक आम्ल नावाची ओमेगा-३ चरबी भरपूर असते. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना मात्र ओमेगा-३ चं वेगळं, लांब रूप लागतं, डीएचए. ते एरवी मासळीतून मिळतं. शरीर जवसापासून डीएचए बनवू शकतं का? २००२ साली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात ग्रॅहम बर्ज आणि स्टीफन वूटन यांनी हे मोजलं. तरुण बायकांच्या शरीरात या आम्लाचा साधारण ९ टक्के भाग डीएचए झाला. तसाच प्रयोग पुरुषांवर केला तर जवळजवळ काहीच नाही. प्रयोगात माणसं मोजकीच होती, त्यामुळे आकडा दगडावरची रेघ समजू नका. पण दिशा साफ आहे. तीच जवसाची चटणी, तोच भाकरीचा तुकडा, आणि बाईचं शरीर त्यातून असं काही बनवतं जे पुरुषाच्या शरीराला नीट जमत नाही.

मोजले फक्त पुरुष

आता तुम्ही म्हणाल, इतका मोठा फरक आहे तर आपल्याला शाळेत, दवाखान्यात कुणी सांगितलं कसं नाही?

कारण मोजमापच एका बाजूचं झालं.

अन्नातली चरबी आणि हृदयविकार यांचं नातं जगाला समजावणारा सगळ्यात गाजलेला अभ्यास म्हणजे अॅन्सेल कीज यांचा 'सेव्हन कंट्रीज'. १९५८ मध्ये सुरू झाला. सात देश, १२,७६३ माणसं, वय ४० ते ५९. सगळे पुरुष. एकही बाई नाही. पुढे अमेरिकेत कोलेस्टेरॉल कमी करून हृदयविकार टळतो का, हे तपासणारा मोठा प्रयोग झाला, त्याचा निकाल १९८४ साली आला. ३,८०६ माणसं. सगळे पुरुष. अॅस्पिरिनने हृदयविकार टळतो का, ते बघायला २२,०७१ डॉक्टर घेतले. तेही सगळे पुरुष.

सगळीकडे असंच होतं असं नाही. फ्रेमिंगहॅम या अमेरिकन गावातल्या १९४८ पासूनच्या अभ्यासात बायका होत्या, निम्म्याहून जास्त. पण पन्नाशीच्या आत हृदयविकाराने पडणारे पुरुष जास्त दिसत होते, त्यामुळे पैसा आणि लक्ष दोन्ही पुरुषांकडे गेलं. त्यात १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मूल होऊ शकेल अशा वयातल्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवायचा नियम केला. हेतू चांगला होता, पोटातल्या बाळाला धोका नको. पण परिणाम असा की बाईच्या शरीराची माहितीच गोळा होईना. हा नियम १९९३ मध्ये मागे घेतला गेला.

वासा आणि अमिर्झा

आता चला गडचिरोलीला.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेमार्फत काम सुरू केलं. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. वासा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची त्यांनी तपासणी केली. तक्रार असो वा नसो, गावातल्या बायकांना तपासायचं, असं ठरवून. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या साप्ताहिकात निष्कर्ष आले. ९२ टक्के बायकांना एक तरी स्त्रीरोग होता. सरासरी एकीला ३.६ आजार. आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के.

हा अभ्यास चरबीचा नाही, हे मला माहीत आहे. मग इथे का आणला? कारण त्याने जगाला एक साधी गोष्ट दाखवली. खेड्यातल्या बाईकडे सरकार आणि दवाखाने बघत होते ते फक्त बाळंतपण आणि नसबंदी यापुरतं. त्यापलीकडे तिला शरीर आहे, त्यात दुखणी आहेत, हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि दुखणी नव्हती असं नाही. मोजली नव्हती.

त्याच घरातली दुसरी गोष्ट १९९५ ची. डॉ. अभय बंग यांना वयाच्या ४४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. साधी राहणी, गांधी-विनोबांच्या विचारात वाढलेला माणूस, राहायला गडचिरोली. त्यावर त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक लिहिलं. तुमच्या घरच्या कपाटात ते असण्याची बरीच शक्यता आहे. कित्येक मराठी घरांत हृदयविकार आणि ताटातलं तेल यांची गाठ पहिल्यांदा त्या पुस्तकाने घालून दिली.

या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवते तेव्हा मला काय दिसतं सांगू? दोघांनीही आपापल्या जागी मोठं काम केलं. पण ऐकणाऱ्या समाजाने काय लक्षात ठेवलं? बाईचं आरोग्य म्हणजे गर्भाशय आणि पुरुषाचं आरोग्य म्हणजे हृदय. हृदय बाईलाही असतं, हे आपल्या डोक्यात नीट बसलंच नाही.

कणगीचं झाकण

आणि हे महाग पडतं, कारण बाईला मिळालेलं ते संरक्षण कायमचं नसतं.

पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन उतरतं. चरबीचा साठा मांडीकडून पोटाकडे सरकू लागतो. जेवणानंतर रक्तातली चरबी आता पूर्वीपेक्षा जास्त चढते, जास्त वेळ राहते. एखाद्या बाईची अंडाशयं लवकर काढली असतील, तर हे सगळं लवकरच सुरू होतं. म्हणून 'पिशवी काढून टाका, त्रास संपेल' असं कुणी सांगितलं, तर अंडाशयं ठेवणार की काढणार, हा प्रश्न नक्की विचारायचा.

१९७९ मध्ये डोनाल्ड झिल्व्हरस्मिट या शास्त्रज्ञाने एक विचार मांडला होता. रक्तवाहिन्यांत कचरा साचतो तो उपाशीपोटी कमी आणि जेवणानंतरच्या तासांत जास्त. आपण दिवसातले बहुतेक तास जेवणानंतरच्या अवस्थेतच असतो ना! तरी तपासणी मात्र सकाळी उपाशीपोटी. २००७ साली दोन मोठे अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एक अमेरिकेतल्या २६,५०९ बायकांचा. त्यात दिसलं की हृदयविकाराचा अंदाज उपाशीपोटीच्या ट्रायग्लिसराइडपेक्षा जेवल्यानंतरच्या ट्रायग्लिसराइडवरून जास्त चांगला येतो, विशेषतः जेवणानंतर दोन ते चार तासांच्या. दुसरा कोपनहेगनचा, त्यात बायका आणि पुरुष दोघं होते. जेवणानंतरची चरबी वाढली की धोका दोघांचाही वाढत होता, पण बायकांमध्ये तो जास्त चढ्या दराने वाढत होता.

याचा एक अर्थ असा लावता येतो: ज्या शरीराला चरबी झटपट आवरायची सवय आहे, त्याच्याच रक्तात ती रेंगाळायला लागली, तर आत काहीतरी जास्त बिघडलंय.

'पण आमच्याकडे कुठे लठ्ठ आहेत लोक?'

हा प्रश्न येणारच. गडचिरोलीत तर कुपोषणाचं बोला, चरबीचं काय?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्य घालवलं. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं लहान, हाडं-स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने राखलेली. २००४ मध्ये त्यांनी स्वतःचा आणि लंडनमधले सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! म्हणजे काडीसारखा दिसणारा माणूस आतून चरबीचा असू शकतो. आणि याची सुरुवात होते अर्धपोटी आईच्या पोटात. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं खाणाऱ्या बाईच्या ताटाचा हिशोब असा पुढच्या पिढीच्या रक्तवाहिन्यांपर्यंत जातो.

आणि गडचिरोली? २०१५ मध्ये 'सर्च'च्या डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासून प्रसिद्ध केली. पहिल्या क्रमांकावर काय होतं? मलेरिया नाही, साप नाही. पक्षाघात, म्हणजे लकवा. सात मृत्यूंमागे साधारण एक. आणि त्यातले बहुतेक घरीच गेलेले. लकव्यामागे सगळ्यात मोठं कारण उच्च रक्तदाब, खर्रा-तंबाखू आहेच. सगळा दोष तेलावर टाकता येणार नाही. पण रक्तवाहिन्यांचे आजार म्हणजे शहरातल्या पोटवाल्या साहेबांचे आजार, हा समज मात्र या आकड्यांनी मोडला.

मग आता?

आता सगळं एका रेषेत ठेवून बघा. मुलीचं लग्न झालं की तिच्या दारात आशाताई येते, नर्सबाई येते. गरोदरपणात, बाळंतपणात, लसीकरणाला. हे चांगलंच आहे, असायलाच हवं. पण ही नेमकी ती वर्षं, जेव्हा तिचं शरीर चरबी सगळ्यात चांगली सांभाळतं. पुढे पाळी थांबते, मुलं मोठी होतात, ये-जा कमी होते. आणि नेमकं तेव्हाच तिच्या रक्तवाहिन्यांकडे बघायची गरज सुरू होते.

तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी, साखर आणि काही कॅन्सर तपासायची सरकारी सोय आता आहे. आपल्या घरातल्या किती बायका त्याला गेल्या? बाबांची फाइल असते, त्यात ईसीजी असतो, लिपिड प्रोफाइल असतं. आईची फाइल काढा. बहुतेक ती शेवटच्या बाळंतपणाला संपलेली असेल.

आणि एक लक्षात ठेवा. हृदयविकारात छातीत दुखणं बायकांनाही होतं, पण त्यासोबत धाप, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं, कमालीचा थकवा हे बायकांमध्ये जास्त दिसतं. 'गॅस झाला असेल' म्हणून ओव्याचं पाणी देऊन झोपवायची वेळ ती नाही.

टोळी वेचणारी, फोडणारी, तेल काढणारी आणि सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवणारी बाई. तिच्या ताटात काय होतं आणि तिच्या रक्तात काय झालं, ते इतिहासाने लिहून ठेवलं नाही. निदान तुमच्या आईचं तरी लिहून ठेवा. या आठवड्यात तिचं बीपी आणि रक्त तपासून घ्या, तारखेसकट वहीत लिहा. जमलं तर एक संध्याकाळ तिच्यासोबत पहिल्या पंगतीला बसा.

पुढच्या भागात भेटू. तोवर जवसाची चटणी खात राहा. जय हो!